आमचं घर समोर राहायला गेलं त्याची हकिकत

मलकापूर (कराड),
मंगळवार, २ डिसेंबर

आदरणीय ज्योतिबादादा यांच्या सेवेशी,

मलकापुराहून नाथाजीचा वाकून नमस्कार. आम्ही दोघं इकडे हातीपायी धड आहोत (गुडघे वगळून), आणि तुम्हीही तिकडे शाहूपुरीत तसेच असाल असं धरून चालतो. तुमची साखर काय म्हणते? मी जन्म साखर कारखान्यात काढला, पण साखर वाढली की माणसं घाबरतात हे मला तुमच्याकडे बघून कळलं. आमच्याकडे साखर वाढली की पेढे वाटत. वहिनींना थंडीत पहाटे अंगण झाडायला जाऊ देऊ नका, दमा उसळतो. (झाडू तुम्ही हातात घ्यावा असं जावयानं सुचवणं शोभत नाही, म्हणून सुचवत नाही.)

मोबाइलच्या दिवसांत हा माणूस पानंच्या पानं का खरडतोय, असं तुम्हाला वाटेल. पण दादा, फोनवर तुम्ही "बरं हाय नव्हं? मग झालं," एवढं बोलून फोन वहिनींच्या हातात देता, वहिनी "इंदूला द्या" म्हणतात, आणि पुढचा पाऊण तास तुमच्या भगिनी माझ्याच फोनवर बोलत असताना मी चार्जरची वायर धरून शेजारी उभा असतो. अशानं आपल्या दोघांत कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. आणि गेल्या दोन महिन्यांत आमच्या घराचं जे काही झालं, ते "बरं हाय नव्हं" मध्ये बसण्यासारखं नाही.

आधी एक कबुली देऊन मोकळा होतो. गेल्या आषाढात तुमच्या भगिनी जिन्यावरून पडल्या. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती, ती मी पाच महिने पाळली. आता तिची मुदत संपली असं समजतो. आमचा जिना तुम्ही पाहिलाय. सतरा पायऱ्या, त्यातल्या दोन बाकीच्यांच्या उंचीला नाहीत (त्या दिवशी गवंड्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं). झोपायचं वर, रांधायचं खाली आणि कपडे वाळत घालायचे गच्चीवर, अशा बेतानं आम्ही घर बांधलं तेव्हा गुडघे ही वस्तू आमच्या हिशेबातच नव्हती. तर त्या अकराव्या पायरीवर होत्या, त्या एकदम चौथ्या पायरीवर आल्या. हाड मोडलं नाही. पण भिंतीला धरून उठताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आवं, हे घर आता आपल्याला झेपत न्हाई." एकवीस वर्षांत त्या घराबद्दल त्यांच्या तोंडून असा शब्द मी ऐकला नव्हता. विटांना पाणी त्यांनी स्वतः मारलंय. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हा घर विकायचं ठरलं. आमच्या लेकीच्या, सृष्टीच्या, माधवनगरच्या इमारतीत तिच्याच मजल्यावर एक फ्लॅट निघाला; लिफ्ट आहे, उंबरासुद्धा बेताचाच आहे. फ्लॅटचे मालक म्हणजे एक म्हातारं जोडपं, तेही मुलाकडे पुण्याला निघालेलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. तोवर तुमचं घर गेलं तर फ्लॅट तुमचा, न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय." आणि आमचं घर काही जाईना. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत सात जण बघून गेले. एकानं हॉलमधली कॅलेंडरं मोजली (अकरा, पण त्यातली तीन गेल्या वर्षीची, ती धरायची की नाही हा मतभेद आहे). एकीला दिवाणाखालच्या ज्वारीच्या पोत्याला टोका लागलाय असा वास आला. सर्वांत कहर केला तो इस्लामपूरच्या एका गृहस्थांनी. भिंतीवर आमचे वडील, आजोबा, दोन आत्या आणि चुलते असे सगळे हार घालून ओळीनं आहेत. ते बघून गृहस्थ पांढरे पडले आणि हळूच म्हणाले, "एवढी माणसं ह्याच घरात गेली का?" आजोबा घर बांधायच्या आधी तीस वर्षं गेलेत हे मी सांगेपर्यंत त्यांनी गाडी चालू केली होती.

मग सृष्टीनं तिची मैत्रीण पाठवली. क्रांती तिचं नाव, सांगलीची, वय असेल अठ्ठावीस. तिचा धंदा काय, तर विकायची घरं सजवून दाखवायची. दादा, मी छत्तीस वर्षं कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होतो. (बाहेरच्या माणसाला वाटतं हे पोरासोराचं काम. उसाच्या नोंदी घेणाऱ्याला आमच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षीही चिटबॉयच म्हणतात. निरोपाच्या मानपत्रावरसुद्धा तेच लिहिलं होतं.) मी ऊस जसा उभा आहे तसा नोंदला. पाचट झाकून आणि तुऱ्याला रंग लावून प्लॉट दाखवलेला मी कधी खपवून घेतला नाही. म्हणून तिला मी म्हटलं, "पोरी, घर हाय तसं दाखवायचं. आवडलं तर घेतील." ती हसली. दोन तास वही घेऊन फिरली, आणि हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "काका, ह्या हॉलमध्ये हॉल कुठाय?"

 खरंच, दिवाण, झोपाळा, शोकेस, शिलाई मशीन, दोन ट्रंका, सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि लोणच्याच्या बरण्या वजा केल्या तर हॉल दिसायला हवा होता, पण आम्ही तो बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. क्रांती म्हणाली, "काका, घर बघायला येणाऱ्या माणसाला इथं स्वतःचा संसार मांडलेला दिसला पाहिजे. तुमचाच एवढा मांडलाय, की त्याला पाय ठेवायला जागा नाही." बोलणं मनाला लागलं, पण चुकीचं म्हणता येईना. मला वाटलं तुमच्या भगिनी आता भडकतील. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं. सगळं हलवा." (इतक्या लवकर त्या माझ्याशी कधी सहमत झालेल्या नाहीत.)

आता हलवायचं कुठं? तर समोर. समोर म्हणजे बाळासो सुभेदार. फौजेतून आल्यापासून तेवीस वर्षं, म्हणजे आमच्या घराच्याही आधीपासून तिथं राहतोय, ठेंगणं बैठं घर, तीन खोल्या. त्या घरात मी शक्यतो जात नाही, कारण बसायला जागा नाही. दोन माणसं म्हणून दोन खुर्च्या. एक खाट, एक ट्रंक, आणि भिंतीत खिळा मारायला सक्त मनाई. त्याच्या बायकोनं, छबूवहिनींनी, माहेराहून आणलेली देवाची तसबीर तेवीस वर्षं कपाटात आडवी आहे. तर अशा ह्या रिकाम्या घरात बाळासोनं आमचं सामान घ्यायचं कबूल केलं, तेही यादी करून. ती यादी मी जपून ठेवलीय. "अनुक्रमांक चार, झोपाळा, लाकडी, कुरकुरणारा, एक. अनुक्रमांक नऊ, पूर्वज, काचेसह, पाच." सामान भिंतीपासून वीतभर लांब, रांगेत, झाकून ठेवायचं अशी अट घालून तो बेळगावला पलटणीच्या मेळाव्याला चार दिवस गेला. आणि चार दिवसांत तुमच्या भगिनींनी आणि छबूवहिनींनी मिळून सगळं सोडवलं. झोपाळा टांगला, दिवाण अंथरला, पूर्वज खिळ्यांवर चढले, कॅलेंडरं लागली. देवाची तसबीर उभी राहिली. बाळासो परत आला, दारात बॅग ठेवली, आत बघितलं, आणि उलट फिरून घरावरचा नंबर वाचला.

इकडे आमच्या घरात क्रांतीनं टेम्पो रिकामा केला. काय सांगू! पांढरा सोफा, पांढरे पडदे, भिंतीवर एकच चित्र आणि त्या चित्रात एकच रेघ. काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं, प्लॅस्टिकची (मी एक चावून बघितलं, दाताची खूण अजून आहे, ती बाजू खाली करून ठेवलीय). पलंगावर आठ उशा. त्यांची मांडणी विसरू नये म्हणून फोटो काढून दिलेला. न्हाणीघरात गुंडाळून ठेवलेले तीन टॉवेल, त्यातल्या एकानं मी पहिल्याच दिवशी अंग पुसलं आणि क्रांतीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाचं वस्त्र नेसलोय. फोडणी घालायची नाही, उदबत्ती लावायची नाही, लसूण तर घरात आणायचाही नाही. त्याऐवजी कोपऱ्यातल्या एका डबीतून फुलांसारखा वाफारा येणार. तेव्हा रांधणं, जेवणं, दुपारची डुलकी सगळं समोर बाळासोकडे. स्वतःच्या घरी आम्ही फक्त झोपायला यायचो, तेही पलंगावर नाही, जिन्याखाली सतरंजी टाकून. गावाकडचे आमचे चुलतभाऊ सोपान एक दिवस गुळाची ढेप घेऊन आले. दार उघडंच होतं. आत बघून म्हणाले, "माफ करा हं साहेब, घर चुकलं," आणि वळले. मी सोफ्याच्या टोकावर बसलेलो होतो, दादा! सख्ख्या चुलतभावानं मला साहेब म्हटलं. ते समोर गेले, आजोबांचा फोटो बघितला, "हां, हेच," म्हणून ढेप तिथं ठेवली आणि जेवून गेले.

एक गोष्ट मात्र मानावी लागेल. घर सुंदर दिसत होतं. आगाशिवचा डोंगर आमच्या हॉलच्या खिडकीतून दिसतो हे मला एकवीस वर्षांनी कळलं, इतकी वर्षं तिथं शोकेस होती. आणि ज्याला हे सर्वांत जास्त आवडलं तो बाळासो. स्वतःच्या घरात त्याला बसवेना (झोपाळ्यावर सारख्या बायका, पूर्वजांची नजर), म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता तो आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आमच्याकडे यायचा आणि त्या पांढऱ्या सोफ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसायचा. "नाथाजी, घर असं पायजे बघ गड्या. भिंतीवर माशी बसली तरी हजेरी घेता येईल."

तरी गिऱ्हाईक जमेना. दोघं येऊन गेले, छान छान म्हणाले, फोटो काढले, गेले. पौर्णिमा चार दिवसांवर आली. माधवनगरचे म्हातारे आजोबा रोज सृष्टीला लिफ्टमध्ये विचारायचे. त्या आठवड्यात मी तुमच्या भगिनींना जिना चढताना बघितलं. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, एखादं लहान मूल चढतं तसं. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून मी बघतोय का ते बघितलं. मी वर्तमानपत्र वर केलं. (उलटं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.)

मग तो रविवार उजाडला. फलटणचे विश्वजीतराव म्हणून एक इंजिनिअर, नुकतीच कराडला बदली झालेले, ते त्यांच्या मातोश्री बनाबाईंना घेऊन घर बघायला आले. क्रांतीचा नियम असा, की गिऱ्हाईक आलं की मालकानं घरात थांबायचं नाही. म्हणून मी फाटकाशी, हॉलच्या उघड्या खिडकीसमोर, झाडांना पाणी घालत उभा होतो. विश्वजीतरावांनी मला माळी समजून विचारलं, "काका, मालक माणूस कसा आहे?" मी म्हटलं, "देवमाणूस." दुसरं काय सांगणार?

बनाबाई म्हणजे सत्तरीच्या, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात काठी. उन्हातून आल्या होत्या, पाणी मागितलं. क्रांतीनं उंच पेल्यात लिंबाची चकती आणि हिरवी पानं घातलेलं पाणी पुढं केलं. बनाबाईंनी पेला उजेडात धरला.

"पोरी, ह्या पान्यात पाला पडलाय."

"आजी, पुदिना आहे तो. ताजंतवानं वाटावं म्हणून."

"पुदिना चटणीत घालत्यात, बाळ." पेला खाली ठेवला. सोफ्याकडे बघितलं, बसल्या नाहीत. वाडग्यातलं एक सफरचंद उचललं (नेमकं माझंच), दाताची खूण बघितली, परत ठेवलं. मग मला खिडकीतून हाक मारली, "आवं माळीबुवा, हितं कुनी ऱ्हातं का न्हाई?"

"ऱ्हात्यात की," मी म्हटलं. "पण खुणा ठेवत न्हाईत."

विश्वजीतराव आणि क्रांती वर निघाले. बनाबाई जिन्यापाशी आल्या, वर बघितलं, पहिल्या पायरीवर काठी टेकवली आणि तिथंच बसल्या. "इसू, तूच बघून ये. माझं पाय हितंच थांबलं." आणि तेवढ्यात समोरून वास आला. दादा, कृष्णाकाठची वांगी, शेंगदाण्याचं कूट, वरून फोडणी. आमच्या घरातला तो फुलांचा वाफारा एका क्षणात शरण गेला. बनाबाईंनी मान वर केली, उठल्या आणि काठी टेकत सरळ रस्ता ओलांडून बाळासोच्या घरात शिरल्या. मी पाण्याची नळी तशीच टाकून मागे धावलो.

आत तुमच्या भगिनी झोपाळ्यावर मेथी निवडत बसलेल्या. बनाबाई म्हणाल्या, "बाई, घोटभर साधं पाणी दे गं." तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आला. त्या प्यायल्या आणि न विचारता झोपाळ्यावर दुसऱ्या टोकाला टेकल्या. पाय उचलले. झोपाळा कुरकुरला. त्यांनी सगळीकडे बघितलं, दिवाण, बरण्या, कॅलेंडरं, आमचे वडील, आजोबा, आत्या. उंबरा नाही, पायरी नाही, सगळं जमिनीवर. मग मोठ्यानं म्हणाल्या, "हे घर इकायचं हाय का?"

आतल्या खोलीतून बाळासो म्हणाला, "न्हाई!"

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून छबूवहिनी म्हणाल्या, "व्हय!"

दादा, एकवीस वर्षांत त्या बाईनं सुभेदाराच्या शब्दावर शब्द टाकलेला मी ऐकला नव्हता. बाळासो बनियनवर बाहेर आला. त्याचा चेहरा मी अशा वेळी पाहिलाय, सीमेवरच्या गोष्टी सांगताना शत्रू मागच्या बाजूनं येतो तेव्हा. म्हणाला, "इकून जायचं कुठं?" छबूवहिनी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी उघड्या दारातून बोट केलं. समोर. बाळासोनं बघितलं. आमचा पांढरा पडदा वाऱ्यानं हलत होता, आत ती पांढरी भिंत, तिच्यावर ती एकच रेघ. त्यानं बनियन खाली ओढून सरळ केलं. मग मला विचारलं, "जिना किती पायऱ्यांचा हाय तुझा?"

"सतरा."

"सकाळ-संध्याकाळ दहा वेळा चढलो-उतरलो तर तालीम हुईल." आणि वर, "सोफ्यासकट देनार का?"

विश्वजीतराव खोल्या मोजून खाली आले तर मातोश्री गायब. शोधत समोर आले तेव्हा बनाबाई आमच्या आजोबांच्या फोटोखाली मांडी घालून भाकरी-वांगं खात होत्या. त्यांनी मुलाला वर मान न करताच सांगितलं, "घर मिळालं. तू हात धुऊन घे." तो बिचारा म्हणायला लागला, की अगं आई, ह्याची जाहिरात नव्हती, हे आपल्याला दाखवायचं घर नव्हेच. बनाबाई म्हणाल्या, "जे दाखवायचं असतंय ते दाखवन्यापुरतंच असतंय. ऱ्हायचं हे."

पुढं दोन दिवस कागदपत्रं, वकील आणि चहा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विश्वजीतरावांनी बाळासोचं घर ठरवलं आणि बाळासोनं आमचं. आम्ही माधवनगरच्या आजोबांना कळवलं. सृष्टी सांगत होती, लिफ्टमध्ये ते एकटेच टाळ्या वाजवत होते. क्रांतीचं तोंड आधी उतरलं होतं. "काका, सजवलं मी हे घर आणि गिऱ्हाईक पटलं न सजवलेल्या घराला." मी तिला म्हटलं, "पोरी, असं बघ. तू आमचं सामान तिकडं हलवलं नसतंस तर बनाबाई तिथं पाय ठेवत्या ना. आणि तू हे पांढरं केलं नसतंस तर सुभेदार हितं येता ना. एका कामात तू दोन घरं सजवलीस, एक मांडून आणि एक मोकळं करून." मी हे तिची समजूत काढायला म्हटलं, पण म्हटल्यावर मलाच पटलं. छत्तीस वर्षं मी समजत होतो की जे आहे ते तसंच दाखवावं. पण आमच्याच घरात काय आहे हे मला तरी कुठं दिसत होतं? खिडकीतला डोंगर सामान गेल्यावर दिसला. आणि संसार दिसला तो समोरच्या दारातून, पाहुण्यासारखा आत डोकावलो तेव्हा. त्या दिवशी तुमच्या भगिनी झोपाळ्यावर मेथी निवडताना मी रस्त्यातून बघितल्या, आणि मनात आलं, ह्या घरात माणसं सुखात राहत असावीत.

एक भानगड तेवढी झाली. बनाबाईंना घर सामानासकट पाहिजे. झोपाळा, दिवाण, बरण्या, शोकेस, कॅलेंडरंसुद्धा. "भिंतीवरचे तुमचे म्हातारे तेवढे घेऊन जावा, बाकी ऱ्हाऊ द्या." बाळासोला हवं होतं आमचं रिकामं घर, ते त्याला गेलं, आणि आमचा भरलेला संसार गेला बनाबाईंना. तुमच्या भगिनींनी फक्त शिलाई मशीन मागून घेतलं. मी विचारलं, झोपाळ्याचं वाईट वाटतंय का? त्या हात फिरवत होत्या त्याच्या कडीवर. म्हणाल्या, "कुरकुरतोय लय. बनाबाईंना तेल घालायला सांगितलं पायजे." आणि आत निघून गेल्या. मग मीच तेलाचा डबा शोधला.

असो. फार लांबलं. वहिनींना नमस्कार सांगा, अंगणाचं विसरू नका, आणि साखर तपासून घ्या. पुढच्या वेळी फोनवर किमान तीन वाक्यं बोलावीत ही नम्र विनंती.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
नाथाजी

ता. क. महत्त्वाचं राहिलंच. घर बाळासोला ह्या महिनाअखेर मोकळं करून द्यायचं आहे (तो आताच रोज जिना चढून बघतोय). पण माधवनगरच्या आजोबांचा नातू दहावीला आहे, त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे फ्लॅट मिळणार तो त्याची परीक्षा झाल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमाराला. म्हणजे मधले तीन महिने आम्ही दोघं, एक शिलाई मशीन आणि पाच पूर्वज असे उघड्यावर. सृष्टीकडे दोनच खोल्या आणि सासूबाई. तुमची तळमजल्यावरची मागची खोली सध्या रिकामी असावी असा माझा अंदाज आहे.

ता. क. दुसरं. हे तुमच्या भगिनी स्वतःच्या तोंडानं तुम्हाला कधीच म्हणणार नाहीत. आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "हायवेच्या धुरळ्यात कशाला, माझ्या शेजारी बांधा," आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, "तुझ्या दारात राहायची वेळ माझ्यावर यायची न्हाई." तो शब्द त्यांच्या अजून लक्षात आहे. तेव्हा तुम्हीच आपणहून, वहिनींच्या दम्याचं निमित्त काढून, "इंदू, तीन महिने ये" असं बोलवावं. मी पत्र लिहिलंय हे त्यांना कळता कामा नये. पेन्शनचा अर्ज लिहितोय असं सांगितलंय.

ता. क. तिसरं, हे अक्षर माझं आहे, दादा. इंदूचं. पेन्शनचा अर्ज म्हणून पाकीट चिकटवायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. घाईत आहे, ते आंघोळीला गेलेत.

एक, मी अकराव्या पायरीवरून नाही, सातव्यावरून पडले. दोन, बनाबाईंचे गुडघे जातात हे क्रांतीनं मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. सतरा पायऱ्या त्या चढणार नाहीत हे मला कळत नाही का? छबूवहिनींना आमच्या घराची किती वर्षांची हौस, ती सुभेदारांपुढं कधी बोलली नाही, आणि सुभेदार स्वतःचं घर गेल्याशिवाय हलणार नाहीत. म्हणून सामान हलवायचं निघालं तेव्हाच मी आणि तिनं ठरवलं, की गिऱ्हाईक तिच्या घराकडे वळवायचं. वांगी सकाळी दहालाच चढवली होती, फोडणी फक्त गाडी दारात लागल्यावर दिली. पाण्यात पुदिना क्रांतीनं घातला होता, पण त्यातली चार पानं माझी.

तीन, मागची खोली वहिनीनं कधीच रिकामी केली, चुनाही दिला. नातवाच्या परीक्षेचं सृष्टीकडून कळलं तेव्हा, दिवाळीतच, मी तिला विचारलं होतं. तुला वाटलं असेल पाहुणे येणार म्हणून, तर ते पाहुणे आम्हीच. त्या जुन्या बोलण्याचं म्हणशील तर ते मी विसरले नाही, पण एकवीस वर्षांत तू एकदाही त्याची आठवण काढली नाहीस, तेव्हा मीही काढत नाही.

आता तू एवढं कर. त्यांना उलट टपाली पत्र लिही. लगेच हो म्हणू नकोस, थोडे आढेवेढे घे, मग तुमच्या शब्दाखातर बोलावतो असं लिही. हे सगळं आपणच जुळवून आणलं असं वाटू दे त्यांना. बरं वाटतं त्यांना.